धरणाच्या काठाने एक दिवस

पुण्याच्या नळाला पाणी कुठून येते, असे वर्गात विचारले की सगळ्या मुली एका आवाजात सांगतात, "खडकवासल्याहून!" उत्तर चुकीचे नाही, पण फार अपुरे आहे. खडकवासला हे पाण्याच्या वाटेवरचे शेवटचे ठाणे आहे. पाण्याची खरी साठवण त्याच्या मागे, सह्याद्रीच्या कुशीत आहे. ती साठवण मुलींनी डोळ्यांनी पाहावी, म्हणून नववीची सहल आम्ही दूर कोठे न नेता सिंहगड रस्त्याने पानशेतपर्यंत नेली आणि परतताना सिंहगडावर गेलो. जाऊन-येऊन साधारण शंभर किलोमीटरचा रस्ता. सकाळी लवकर निघाले, तर सगळे एका दिवसात होते.

काही मुलींनी आधी नाके मुरडली. "टीचर, खडकवासल्याला तर आम्ही बासी ईदला जातोच की!" त्यांच्या डोळ्यांपुढे चौपाटीवरचे भाजलेले कणीस आणि भेळेची गाडी होती. धरणाच्या काठी बसून कणीस खाणे वेगळे आणि धरण पाहणे वेगळे, असे मी त्यांना सांगितले. त्यांना ते फारसे पटले नाही. पण बस आली आणि सगळ्याजणी खिडकीच्या जागेसाठी धावल्या.

स्वारगेट मागे टाकून बस दांडेकर पुलाकडे निघाली. या भागातून मुठा उजवा कालवा जातो. कालवा म्हणजे आपल्या उर्दूतील नहर. खडकवासल्याच्या धरणातून निघालेला हा कालवा पुणे शहर ओलांडून पूर्वेकडे दौंड, इंदापूरच्या शेतांपर्यंत पाणी नेतो. रोज शेजारून जाणाऱ्या पुष्कळ लोकांना तो एखादा मोठा नाला वाटतो. २७ सप्टेंबर २०१८ रोजी याच परिसरात कालव्याची भिंत फुटली आणि पाण्याचा लोंढा भर दिवसा वस्तीत शिरला. घरांतली भांडी, कपडे, मुलांची दप्तरे वाहून गेली. आमच्या बसमधल्या एका मुलीच्या खालाचे घर तिथे होते. ती म्हणाली, "खाला अजून सांगते, त्या दिवशी वर ऊन होतं आणि खाली पूर होता."

बसमध्ये क्षणभर शांतता झाली. पाऊस नसताना पूर कसा येतो, हे त्या मुलीने एका वाक्यात सांगितले होते. पुढे पानशेतला आम्हांला याच गोष्टीचे मोठे रूप कळणार होते.

वाटेत मुलींनी विचारले, "धरण बांधण्याआधी पुण्याचे लोक काय करत होते?" तेव्हा नदी होती, विहिरी होत्या आणि पेशव्यांचे हौदही होते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यात, कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी जमिनीखालच्या नळांतून पुणे शहरात आणले गेले. हे पाणी शनिवारवाड्यात आणि निरनिराळ्या पेठांतील हौदांत येई. वरून खाली उताराने वाहणाऱ्या पाण्याला कोणत्याही यंत्राची गरज नव्हती. 'हौद' हा शब्द तर आपल्या घरचाच. मशिदीत वजूसाठी असतो तो हौज़ आणि पेठेतला हौद हे एकच. अरबीतून फारसीत आणि फारसीतून मराठीत येताना त्याने फक्त शेवटचे अक्षर बदलले. परीक्षेत मराठी शब्द आठवत नाही म्हणून रडणाऱ्या मुलींनी असे शब्द मोजून पाहावेत. किल्ला, दरवाजा, शहर, मैदान, जवान, फौज! आपण समजतो त्यापेक्षा जास्त मराठी आपल्याला आधीच येत असते.

वडगाव, धायरी, किरकटवाडी ही गावे आता शहराला जोडली गेली आहेत. इमारती संपेनात, म्हणून मुली कंटाळल्या. खडकवासला गावात शिरल्यावर केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राची पाटी दिसली. १९१६ साली सुरू झालेली ही संस्था आहे. नदी, धरण किंवा बंदर प्रत्यक्ष बांधण्याआधी येथे त्याची लहान प्रतिकृती तयार करतात, तिच्यात पाणी सोडतात आणि ते कसे वागते ते पाहतात. प्रयोगांना पाणी लागते आणि धरण शेजारीच आहे, हा या जागेचा फायदा. आत जायला आधी परवानगी घ्यावी लागते. आम्ही बाहेरूनच पुढे गेलो.

मग एकदम झाडे बाजूला झाली आणि धरणाची काळ्या दगडांची भिंत समोर आली. बसमधला गोंगाट आपोआप थांबला.

हे धरण मुठा नदीवर आहे. इंग्रजांच्या काळात, १८७० च्या दशकात ते बांधले गेले. फाइफ नावाच्या लष्करी इंजिनिअरने त्याची योजना आखली, म्हणून इंग्रज या जलाशयाला 'लेक फाइफ' म्हणत. पुणे आणि खडकी येथील छावण्यांना पिण्याचे पाणी मिळावे आणि पूर्वेकडच्या कोरड्या भागातील शेतीला कालव्याने पाणी द्यावे, असे दोन हेतू होते. त्याच दशकात, १८७६ ते १८७८ या काळात, दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता. या कामाला बांधकामाचे साहित्य पुरवणाऱ्यांत महात्मा जोतीराव फुले हेही होते. फुले यांना आपण शाळा काढणारे म्हणून ओळखतो, पण पोट भरण्यासाठी ते ठेकेदारीही करत. इतिहासाच्या पुस्तकात माणसाचा एकच चेहरा राहतो, त्याला इलाज नाही.

भिंतीच्या मागे निळे पाणी पसरलेले होते. पाण्यापलीकडे झाडीच्या वर एक मोठा घुमट दिसतो. ही राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजेच एन.डी.ए. भूदल, नौदल आणि वायुदल या तिन्ही दलांचे भावी अधिकारी येथे एकत्र शिकतात. पंडित नेहरूंनी ६ ऑक्टोबर १९४९ रोजी तिची कोनशिला बसवली. जो घुमट दिसतो, त्या इमारतीचे नाव 'सुदान ब्लॉक' आहे. खडकवासल्याच्या काठी सुदानचे नाव का, हा प्रश्न एका मुलीने लगेच विचारला.

दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी भारतीय जवान इटलीच्या फौजांशी लढले. अनेकजण तिकडेच कामी आले. त्यांची आठवण राहावी, म्हणून सुदान सरकारने एक लाख पौंडांची देणगी दिली. पुढे देशाची फाळणी झाली. लढलेले जवान दोन्हीकडचे होते, तेव्हा पैशांचीही वाटणी झाली आणि भारताच्या वाट्याला सत्तर हजार पौंड आले. त्यांतून ही इमारत उभी राहिली. ३० मे १९५९ रोजी सुदानचे भारतातील राजदूत रहमतुल्ला अब्दुल्ला यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. एकाच पलटणीतून लढलेल्या माणसांच्या बलिदानाचा हिशेब नंतर दोन देशांत मांडावा लागला, ही गोष्ट मला प्रत्येक वेळी तो घुमट पाहताना आठवते.

मुलींना मात्र दुसरीच गोष्ट जास्त आवडली. पूर्वी या प्रबोधिनीत फक्त मुलांना प्रवेश होता. २०२२ साली मुलींची पहिली तुकडी आली आणि ३० मे २०२५ रोजी सतरा मुली तेथून शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. "बारावीनंतर परीक्षा असते का, टीचर?" एक मुलगी हळूच विचारत होती. असते. गणित पक्के लागते. हे ऐकून तिचा चेहरा थोडा उतरला, पण तिने वहीत काहीतरी लिहून घेतले.

खडकवासल्यापासून पुढे रस्ता पाण्याच्या काठाकाठाने जातो. डोणजे फाट्यावर डावीकडे सिंहगडाचा रस्ता फुटतो. आम्ही तो परतीसाठी ठेवला आणि सरळ निघालो. गोऱ्हे, खानापूर अशी गावे लागली. उजवीकडे पाणी कधी रस्त्याला अगदी चिकटते, कधी शेतांच्या मागे लपते. हिवाळ्यात भातकापणी झालेली असते. खाचरांत फक्त धसकटे उभी असतात आणि त्यांत बगळे फिरतात. पाण्याच्या पलीकडे डोंगरांच्या एकामागे एक रांगा दिसतात. जवळची हिरवट, तिच्या मागची निळी आणि शेवटची जवळजवळ धुरासारखी. या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी मोटारींची इतकी गर्दी होते की काठावर उभे राहायला जागा मिळत नाही. शिवाय लोक मागे काय काय टाकून जातात, ते न सांगितलेलेच बरे. आम्ही शाळेच्या दिवशी गेलो होतो, म्हणून रस्ता मोकळा होता.

पानशेतला पोचलो तेव्हा ऊन चढले होते. येथे अगदी जवळजवळ दोन धरणे आहेत. आंबी नदीवर पानशेतचे आणि मोसे नदीवर वरसगावचे. पानशेतच्या जलाशयाला तानाजी मालुसऱ्यांवरून 'तानाजीसागर' म्हणतात. वरसगावच्या जलाशयाला मोसे खोऱ्यातील वीर बाजी पासलकर यांचे नाव आहे. तिसरे धरण टेमघरला, मुठा नदीवर आहे. ते दुसऱ्या रस्त्याला असल्यामुळे आम्ही पाहू शकलो नाही.

आता सकाळच्या उत्तराचा हिशेब करू. धरणातील पाणी टी.एम.सी.मध्ये मोजतात. एक टी.एम.सी. म्हणजे शंभर कोटी घनफूट. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटरच्या आसपास पाणी मावते. खडकवासल्याचा उपयुक्त साठा १.९७ टी.एम.सी., पानशेतचा १०.६५, वरसगावचा १२.८२ आणि टेमघरचा ३.७१. चारही मिळून २९.१५ टी.एम.सी. मुलींनी वहीत भागाकार केला. खडकवासल्यात एकूण पाण्याचा जेमतेम पंधरावा हिस्सा राहतो! म्हणजे खडकवासला ही स्वयंपाकघरातली कळशी आणि पानशेत-वरसगाव हे अंगणातले रांजण. कळशी रिकामी होऊ लागली की रांजणातून भरायची. पावसाळा संपल्यावर पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुण्याचा सगळा कारभार असाच चालतो.

जुहरची वेळ झाली होती. बाटल्यांतील पाण्याने वजू करून मुलींनी एका झाडाखाली चटया अंथरल्या. मग डबे उघडले. शामी कबाब, अंड्याची बुर्जी, मेथीची भाजी, सगळे एकमेकींत वाटले गेले. जेवण झाल्यावर मी त्यांना १२ जुलै १९६१ ची हकीकत सांगितली.

पानशेतचे धरण मातीचे आहे. मातीच्या धरणाचा एक नियम आहे. पाणी त्याच्या माथ्यावरून कधीही वाहता कामा नये. दगडी भिंतीवरून पाणी गेले तर ती काही वेळ टिकते, पण मातीवरून गेले तर ते माती खात खात खाली उतरते आणि सगळा बांध घेऊन जाते. म्हणून जास्तीचे पाणी बाहेर काढण्यासाठी सांडवा आणि मोरी असते. १९६१ च्या पावसाळ्यात पानशेतचे काम पूर्ण झालेले नव्हते. पाणी सोडण्याच्या मोरीचे आणि तिच्या दारांचे काम राहिले होते. तरीही पाणी अडवले गेले. त्या वर्षी जुलैच्या आरंभीच जोराचा पाऊस झाला आणि धरण भराभर भरू लागले. मोरीतून जोरात जाणाऱ्या पाण्याच्या धक्क्यांनी तिचे बांधकाम ढासळू लागले आणि तिच्यावरची बांधाची माती खचू लागली. एकीकडे पाणी वर चढत होते, दुसरीकडे बांध खाली बसत होता.

११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान भर पावसात खचलेल्या जागी वाळूच्या गोण्या रचत होते. त्यांनी रात्रभर धरण धरून ठेवले. पण १२ तारखेच्या सकाळी बांध फुटला.

आंबीचे पाणी मुठेत आले आणि मुठेचे पाणी खडकवासल्यावर येऊन आदळले. त्या जुन्या दगडी भिंतीने काही तास तो लोंढा पेलला. तेवढ्या वेळात कित्येक लोक नदीकाठ सोडून उंच भागांकडे पळू शकले. शेवटी खडकवासल्याचे धरणही फुटले आणि दोन्ही धरणांचे पाणी पुण्यात घुसले. नदीवरचे पूल पाण्याखाली गेले. डेक्कन जिमखाना, नारायण पेठ, शनिवार पेठ, कसबा पेठ अशा भागांतून पाणी शिरले. जुने वाडे मातीचे होते. पाण्यात भिजून त्यांच्या भिंती बसल्या. हजारो कुटुंबे एका दिवसात बेघर झाली आणि पुष्कळ माणसे प्राणास मुकली.

पाणी ओसरले आणि मग दुसरे संकट आले. ज्या शहरात काल सगळीकडे पाणी होते, त्याच शहरात आज पिण्याला पाणी नव्हते. कारण नळाला पाणी देणारे खडकवासलाच वाहून गेले होते. लोक पुन्हा जुन्या विहिरींकडे आणि हौदांकडे वळले.

"मग ज्यांची घरं गेली ते कुठे गेले?" एका मुलीने विचारले. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या वस्त्या त्या पुरानंतर पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिल्या. काही ठिकाणी पत्र्याची अर्धगोल घरे बांधली होती. त्यांना निसेन हट म्हणत. जुन्या पुण्यातील माणसे अजूनही एखादी गोष्ट कधी घडली ते सांगताना "पुराच्या आधी" आणि "पुरानंतर" असे म्हणतात. तुमच्या घरात दादा-दादी, नाना-नानी असतील तर त्यांना जरूर विचारा. बहुतेक पुणेकर घरांत या दिवसाची एक तरी गोष्ट असतेच.

ही दोन्ही धरणे नंतर पुन्हा बांधली गेली. आज आपण जे पाणी पाहतो ते त्यांतलेच.

मी गोष्ट संपवली आणि आम्ही बराच वेळ पाण्याकडे पाहत बसलो. पाणी अगदी शांत होते. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "टीचर, हे पाणी जिथे आहे, तिथे आधी काय होतं?" हा प्रश्न मी विचारायचा राखून ठेवला होता. तिने तो आधीच विचारला, याचा मला आनंद झाला.

तिथे गावे होती. घरे, देवळे, चावडी, भाताची खाचरे, आंब्याची झाडे, पूर्वजांच्या समाध्या. धरण म्हणजे नदीच्या खोऱ्याला घातलेला अडसर. खोऱ्यातील सर्वांत सुपीक जमीन नदीकाठीच असते आणि पाण्याखाली पहिल्यांदा तीच जाते. पानशेत आणि वरसगाव धरणांसाठी या खोऱ्यांतील पुष्कळ कुटुंबांनी जमिनी सोडल्या. काहींना खाली दौंडकडच्या भागात जमिनी मिळाल्या. डोंगरात भात आणि नाचणी पिकवणारी ही माणसे. त्यांना सपाट, काळ्या, वेगळ्या पिकांच्या जमिनीत नव्याने सुरुवात करावी लागली. काही लोक गेले नाहीत. त्यांनी थोडे वर सरकून डोंगराच्या उतारावर घरे बांधली. त्यांच्या घरातून रोज पाणी दिसते, पण शेत मात्र त्या पाण्याखाली आहे. पुण्यात नळ उघडताना ही माणसे आपल्याला आठवत नाहीत. आठवावीत अशी व्यवस्थाही कोणी केलेली नाही. जलाशयांना वीरांची नावे दिली ते योग्यच झाले. बुडालेल्या गावांच्या नावांची एक पाटी काठावर असती तर मला जास्त आवडले असते.

परतताना डोणजे फाट्यावरून बस सिंहगडाकडे वळली. घाटाची वळणे सुरू झाली तसे दोन-तीन मुलींचे चेहरे पांढरे पडले. आवळ्याच्या सुपारीने काम भागले.

सिंहगडाचे जुने नाव कोंढाणा. उर्दू शिकणाऱ्या मुलींसाठी या गडाची एक खास गोष्ट आहे. चौदाव्या शतकात दिल्लीचा सुलतान मुहम्मद तुघलक याने या गडाला वेढा घातला. तेव्हा नाग नायक नावाचा कोळी सरदार गडावर होता आणि त्याने कित्येक महिने गड लढवला. ही हकीकत आपल्याला कोठून कळली? इसामी नावाच्या कवीच्या 'फुतूह-उस-सलातीन' या फारसी काव्यातून. हे काव्य इसवी सन १३५० च्या सुमारास दख्खनमध्येच लिहिले गेले. सुलतानांच्या विजयांची गाथा लिहिणाऱ्या कवीने, विरोधात लढलेल्या एका डोंगरी सरदाराचे नाव आणि त्याची जिद्द नोंदवून ठेवली.

पुढे गडाने अनेक मालक पाहिले. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना तो मोगलांना द्यावा लागला. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांनी रात्री कडा चढून गड घेतला, पण लढाईत ते स्वतः पडले. समोरचा किल्लेदार उदयभान राठोड हा मोगलांचा राजपूत सरदार होता. तोही पडला. मोगलांच्या बाजूने राजपूत लढत होता, हे ऐकून मुलींना नवल वाटले. इतिहासात अशी नवले पुष्कळ आहेत. तानाजीच्या मृत्यूमुळे गडाला सिंहगड नाव मिळाले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. अभ्यासक मात्र दाखवून देतात की सिंहगड हे नाव त्याआधीच्या पत्रांतही येते. नावाची गोष्ट खरी नसली तरी तानाजीचे शौर्य कमी होत नाही. १७०० साली छत्रपती राजाराम महाराजांचे निधन याच गडावर झाले. त्यांची समाधी येथे आहे. त्यानंतर औरंगजेबाने गड घेतला आणि त्याचे नाव 'बख्शिंदाबख्श' ठेवले. अर्थ तुम्हांला सांगायला नको. हे नाव कोणाच्याच तोंडी बसले नाही.

गडावर पिठले-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातले दही मिळते. दही विकणाऱ्या एका आजीबाईंनी मुलींना विचारले, "कुठून आलात गं पोरींनो?" पुण्याहून आलो म्हटल्यावर त्यांनी आमच्या प्रत्येकीच्या दह्यावर थोडी जास्त साखर घातली. डोक्यावर मडकी घेऊन गडाखालच्या गावांतून येणाऱ्या बायका अशाच दिवसभर बसतात. पुढे देवटाके आहे. खडकात खोदलेले हे टाके थंडगार पाण्याने भरलेले असते. इतक्या उंचीवर, चारही बाजूंना कडे असताना, गडावरच्या माणसांनी पावसाचे पाणी खडकात साठवून शतकानुशतके दिवस काढले. पाण्याशिवाय गड लढत नाही. फौज कितीही शूर असली तरी टाके आटले की दरवाजा उघडावा लागतो.

असरची वेळ टळत आली होती. उत्तरेच्या बाजूला कड्याजवळ आलो. खाली खडकवासल्याचे पाणी सोन्याच्या पत्र्यासारखे चमकत होते. त्याच्या पलीकडे पुणे शहर धुरकट पसरलेले होते. सकाळी एवढी मोठी वाटलेली धरणाची भिंत आता पट्टीने ओढलेल्या रेघेसारखी दिसत होती. मुली बोटे दाखवून जागा ओळखू लागल्या. ही चौपाटी, तो घुमट, ती गोऱ्ह्याची शेते. "एवढंसं पाणी आणि एवढं मोठं शहर!" कोणीतरी म्हणाले.

गडावरून बस उतरू लागली तेव्हा त्यांच्यात वाद सुरू झाला. सुरुवात माझ्याच एका वाक्याने झाली. दर वर्षी पाऊस संपला की कालवा समितीची बैठक होते, शहराला किती पाणी आणि शेतीला किती, हे तिथे ठरते आणि पाऊस कमी झाला की दोन्हीकडचे लोक नाराज होतात, असे मी सांगितले होते. एक मुलगी म्हणाली की पिण्याचे पाणी आधी, शेत नंतर. दुसरी म्हणाली की शहरात पिण्याच्या पाण्याने मोटारी धुतात, ते पिणे आहे का? जिच्या खालाचे घर कालव्याकाठी होते ती म्हणाली की आधी कालवा नीट बांधा, गळून जाते तेवढेच पाणी पुष्कळ होईल. मागच्या बाकावरून एकीने विचारले, "आणि ज्यांची शेतं पाण्याखाली गेली, त्यांना कोणी विचारतं का?" यावर थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग पुन्हा सगळ्याजणी एकदम बोलू लागल्या. घाट संपून मगरिबची अजान कानांवर आली, तरी त्यांचे एकमत झाले नव्हते.

शब्दार्थ
ठाणे – पडाव, मकाम
सांडवा – धरणातील जास्तीचे पाणी बाहेर जाण्याची वाट
मोरी – बांधाच्या पोटातून पाणी सोडण्याचा मार्ग
खाचर – भाताचे बांध घातलेले शेत
धसकट – पीक कापल्यावर जमिनीत राहिलेला बुडखा
अडसर – रुकावट
प्राणास मुकणे – जान गमावणे
टाके – खडकात खोदलेला पाण्याचा हौज़

स्वाध्याय
(१) 'उत्तर चुकीचे नाही, पण फार अपुरे आहे,' असे लेखिकेने का म्हटले आहे?
(२) मातीचे धरण आणि दगडी धरण यांवरून पाणी गेल्यास काय फरक पडतो?
(३) खडकवासल्याच्या काठावरील इमारतीला सुदानचे नाव कसे मिळाले ते चार-पाच वाक्यांत लिहा.
(४) पाठातील उर्दूतही वापरले जाणारे दहा शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
(५) घरातील किंवा मोहल्ल्यातील एखाद्या वृद्ध व्यक्तीला १९६१ च्या पुराबद्दल विचारा आणि ती जे सांगेल ते मराठीत लिहून आणा.
(६) बसमधील वादात तुम्ही असता, तर कोणाच्या बाजूने बोलला असता? का?